दोन उन्हाळ्यांचे केस

वैशाखाचे ऊन तापू लागले की घरोघरी मुलांना केस कापून येण्याचा आग्रह सुरू होतो. त्यात एखाद्या तरुणाने केस वाढविण्याचा निश्चय केलेला असेल, तर जेवताना दुसरा विषयच निघत नाही. ‘एवढ्या उकाड्यात हे ओझे कशाला?’ असे वडील विचारतात आणि ‘मुलीसारखा दिसतोस’ अशी आजीची टोचणी असते. मुलगा बहुधा गप्प राहतो. अलीकडे काही तरुण कर्करुग्णांच्या टोपासाठी केस द्यावयाचे म्हणून ते वाढवितात. घरच्यांना मात्र हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

प्रथम या केसांचा हिशेब पाहावा. डोक्यावरील केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. टोपासाठी केस स्वीकारणाऱ्या अनेक संस्था सुमारे बारा इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर लांबी मागतात. तेवढ्या वाढीस दोन वर्षे लागतात आणि दोन वर्षांत दोन उन्हाळे येणारच. त्यांतला पहिला अधिक कठीण. केस कानांवर येतात, मानेला चिकटतात, पण बांधावे इतके लांब नसतात. बहुतेक मुले याच टप्प्यावर घरच्यांच्या बोलण्याला कंटाळून न्हाव्यासमोर बसतात. मे महिन्यात असे कापलेले पाच-सहा इंच केस सहसा टोपाच्या उपयोगी पडत नाहीत. वर्षभराचा धीर वाया जातो.

वास्तविक उकाड्याचा सगळा दोष केसांच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याच्या डोक्यावर मानवी केसांचे निरनिराळे टोप चढवून त्यावर कृत्रिम ऊन व वारा सोडला होता. उघड्या डोक्यापेक्षा केसांच्या डोक्याला उन्हाची झळ कमी लागते आणि दाट कुरळ्या केसांचा आडोसा सर्वांत चांगला, असे त्यात आढळले. (श्रवणबेळगोळच्या उघड्या टेकडीवर उभ्या असलेल्या बाहुबलींच्या मस्तकी शिल्पकाराने कुरळे केस कोरले, ते अर्थातच या कारणासाठी नव्हे!) आजींनाही सांगावेसे वाटते की, भगवान आदिनाथांची प्रतिमा ओळखण्याची एक खूण खांद्यांवर रुळणाऱ्या जटा हीच आहे. पुरुषाचे लांब केस आपल्या डोळ्यांना अगदीच अपरिचित नाहीत.

खरा त्रास मानेचा आहे. तेथील घाम केसांखाली वाळत नाही आणि मग घामोळे येते. केस बांधण्याजोगे झाले की ते उंच बांधून मान मोकळी ठेवावी. तोवर मानेवरचे अगदी खालचे केस न्हाव्याकडून थोडे कमी करून घ्यावेत. वरच्या केसांच्या लांबीला त्याने बाध येत नाही. मात्र बुचडा घट्ट आवळू नये. रोजच्या ताणाने कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते. ओले केस बांधून त्यावर हेल्मेट चढविणे तर सर्वथा टाळावे.

तेलाविषयी घरोघरी मतभेद होतील, तरीही लिहितो. कोंड्यास कारण होणारी सूक्ष्म बुरशी टाळूच्या स्निग्धतेवरच पोसली जाते. म्हणून उन्हाळ्यात तेल केसांच्या टोकांना लावावे, मुळांशी थापू नये. दोन-तीन दिवसांनी केस धुवावेत. उवा घामाने होत नाहीत. त्या डोक्याला डोके लागल्याने, क्वचित सामाईक कंगव्यानेही येतात. म्हणून मुलाचा कंगवा वेगळा असावा. उवा झाल्यावर त्या मारण्याचे औषध घालण्याची वेळ येते आणि आपल्या घरांत तो प्रश्न केवळ स्वच्छतेचा राहत नाही. कंगवा शिंगाचा नसून लाकडाचा आहे ना, हेही पाहावे. बाजारात ‘केराटिन’ म्हणून जी प्रसाधने मिळतात, त्यांतील केराटिन बहुधा लोकर, पिसे, खूर किंवा शिंगे यांपासून काढलेले असते. घेण्यापूर्वी वेष्टन वाचावे आणि शंका आल्यास रिठा-शिकेकाई आहेच.

दुसरा उन्हाळा सरला आणि लांबी भरली की वडिलांनीच मुलाबरोबर न्हाव्याकडे जावे. तेथे काही गोष्टी सांगाव्या लागतात. केस आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळविलेले हवेत, कारण ओलसर केसांना बुरशी येते. रंगविलेले केस अनेक ठिकाणी घेत नाहीत. केसांच्या दोन-तीन बटा करून प्रत्येक बट वर आणि खाली रबराने बांधावी आणि वरच्या रबराच्याही वर कात्री चालवावी. खाली पडलेले सुटे केस गोळा करून देऊ नयेत; त्यांची मुळे आणि टोके एका दिशेला राहत नाहीत व टोपात ते गुंततात.