महामार्ग वळला, बाजारपेठेचे काय?

रस्ता आला की भरभराट येते, हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेले सूत्र चौपदरी महामार्गांच्या काळात तपासून घेण्याची वेळ आली आहे. आजचा महामार्ग दोन महानगरांना जोडतो आणि मधल्या गावांना बाजूला ठेवतो. कोकणातील सावंतवाडी हे याचे बोलके उदाहरण.

मुंबई-गोवा महामार्ग क्रमांक १७ (आताचा ६६) पूर्वी सावंतवाडी शहरातून जात असे. गोव्याला निघालेला प्रवासी मोती तलावाच्या काठी हमखास थांबे. चहा, जेवण होई आणि जाता जाता लाकडी फळांची एखादी परडी, काजू, कोकम यांची खरेदीही होई. झाराप ते पत्रादेवी हा चौपदरी रस्ता झाला तो शहराला वगळून. त्याआधी, १९९८ मध्ये पूर्णत्वाला गेलेल्या कोकण रेल्वेचे ‘सावंतवाडी रोड’ हे स्थानकही शहरापासून काही किलोमीटर दूरच राहिले होते. म्हणजे लोहमार्ग आणि महामार्ग, दोन्ही शहराच्या नावाजवळून गेले. बाजारपेठेजवळून मात्र गेले नाहीत.

बाह्यवळणाला सरसकट विरोध करणे शहाणपणाचे नाही. अवजड मालमोटारी शाळेसमोरून धावत असताना होणारे अपघात, धूर आणि कोंडी यांची किंमत शहरच मोजत असते. ती वाहने बाहेर गेली, हे उत्तमच झाले. प्रश्न आहे तो या सोयीचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हा.

कापडाचे दुकान, औषधालय, किराणा यांचे गिऱ्हाईक आसपासच्या खेड्यांतून येते. ते महामार्ग वळला तरी येतच राहते. ज्यांची चूल वाटसरूवर पेटते, त्यांची गोष्ट वेगळी. खानावळवाला, फळविक्रेता, पंक्चर काढणारा, चितार आळीतील खेळण्यांचा दुकानदार यांना पहिला फटका बसतो. नव्या रस्त्यालगतची जागा घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नसते, कारण त्यांची सारी पुंजी जुन्या पेठेतील गाळ्यात अडकलेली असते. ती जागा मग बाहेरचा भांडवलदार घेतो.

येथे शासकीय धोरणातील एक उणीव स्पष्ट दिसते. महामार्गासाठी जमीन गेली, तर कायद्याने मोबदला मिळतो. गिऱ्हाईक गेले, तर काहीच मिळत नाही. ज्याचे दुकान जागच्या जागी उभे आहे, पण ज्याचा धंदा बसला आहे, तो कोणत्याही यादीत ‘बाधित’ म्हणून नोंदला जात नाही.

तरीही हताश होण्याचे कारण नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, म्हणून लोणावळ्याची चिक्की संपली नाही. लोक मुद्दाम वाट वाकडी करून लोणावळ्याला जातात आणि चिक्कीही द्रुतगती मार्गावरच्या विश्रांतिस्थळांवर जाऊन पोहोचली. वाटेवरचे गाव आणि मुक्कामाचे गाव यांतला हा फरक आहे. सावंतवाडीपाशी मुक्कामाचे गाव होण्याची सामग्री निश्चितच आहे. १२० गोल पानांची दशावतारी गंजिफा लोप पावण्याच्या मार्गावर असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यात आश्रय देऊन पुन्हा उभे केले. पांगाऱ्याच्या लाकडातून घडणारी खेळणी स्वस्त प्लॅस्टिकशी झुंजत आजही टिकून आहेत. २०२३ च्या आरंभी सुरू झालेला मोपा विमानतळही येथून दूर नाही.

मात्र कलेने बाजार आपोआप सुधारत नाही. त्यासाठी योजना लागते. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या मार्गालगतच्या सुविधा केंद्रांत स्थानिक हस्तकलेसाठी ग्रामहाटाची तरतूद आहे. तेथील गाळे परवडणाऱ्या भाड्यात स्थानिक कारागिरांना आणि बचत गटांना मिळतात की नाही, हे लोकप्रतिनिधींनी पाहावे. झाराप आणि इन्सुली या दोन्ही बाजूंना शहराची ओळख सांगणारे ठसठशीत फलक असावेत. नगरपालिकेने वाहनतळ आणि स्वच्छतागृहे नीट राखावीत, कारण महामार्ग सोडून आत आलेला पाहुणा गैरसोय झाली तर पुन्हा येत नाही. व्यापाऱ्यांनीही एकमेकांचे गिऱ्हाईक ओढण्यापेक्षा शहराचे म्हणून गिऱ्हाईक आणण्याचा विचार करावा. पांगाऱ्याची लागवड झाली नाही, तर उद्या मागणी असूनही लाकूड नसेल, याचेही भान हवे.

हा प्रश्न एकट्या सावंतवाडीचा नाही. आज राज्यात जेथे जेथे नव्या मार्गांची आखणी चालू आहे, तेथील बाजारपेठांच्या पुढ्यात तो उद्या उभा राहणार आहे. रस्ता आखतानाच त्या पेठेचा विचार झाला, तर पुढे अनुदानासाठी हात पसरण्याची वेळ येणार नाही. प्रवासाचे दोन तास वाचावेत, हे योग्यच. पण त्या दोन तासांची किंमत एखाद्या कारागिराच्या पिढीजात व्यवसायाने चुकवावी, हे कोणत्याही सुजाण समाजाला शोभणारे नाही.