पदक १९७२ चे, 'अर्जुन' २०२५ चा!

वाचकहो, पौष महिन्यात औंधला यमाईची यात्रा भरते आणि यात्रेत कुस्त्यांचे मैदान होते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अशाच एका मैदानाच्या कडेला बसलो होतो. शेजारी ओळखीचे एक आबा आणि त्यांचा नववीतला नातू. पोराने मध्येच विचारले, "साहेब, 'चंदू चॅम्पियन' पिक्चर मी मोबाईलवर बघितला. त्यातला बॉक्सर खरंच आपल्या सांगलीकडचा हाय का?"

मी हो म्हणालो. त्यावर आबा म्हणाले, "आमच्या वयाचा माणूस, शेजारच्या जिल्ह्यातला, आन् आमाला त्याचं नाव पिच्चर आल्यावर कळलं. आमी इतकी वर्सं काय झोपलो हुतो का?"

आबांच्या या प्रश्नाचे उत्तर मला तिथे देता आले नाही. ते शोधण्यासाठीच आजचा हा लेख आहे. शेतीच्या पानावर बॉक्सिंग कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा. विषय तुमच्या-आमच्या गोठ्यापर्यंत येतो.

कोण हे पेटकर?

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूर भागातला. आपल्याकडच्या पोरांना असते तशी त्यांनाही लहानपणी कुस्तीची ओढ. कोवळ्या वयातच ते सैन्याच्या मुलांच्या तुकडीत दाखल झाले आणि पुढे ईएमई या तांत्रिक दलात कारागीर जवान झाले. बॉक्सिंग हा काही आपल्या मातीतला खेळ नव्हे. त्याला रिंग लागते, हातमोजे लागतात, शिकवणारा लागतो. खेड्यातल्या पोराला हे सगळे एकाच ठिकाणी फुकट मिळायचे, ते म्हणजे पलटण. पेटकरही तिथेच बॉक्सर झाले. १९६४ मध्ये टोकियोला झालेल्या सैनिकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते देशाकडून रिंगणात उतरले. वय अवघे वीस.

पुढच्याच वर्षी, १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर विमानांचा हल्ला झाला आणि त्यांच्या अंगात गोळ्या घुसल्या. एक गोळी कण्यातच राहून गेली. कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. बॉक्सरचा अर्धा खेळ पायांत असतो, हे ज्याने एकदा तरी तो खेळ पाहिला आहे त्याला सांगायला नको. बॉक्सर म्हणून त्यांची कारकीर्द एकविसाव्या वर्षीच संपली.

उरले त्यावर उभे राहिले

मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार सुरू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले. पाय चालत नव्हते, पण खांदे, दंड आणि छातीतला दम बॉक्सरचाच होता. माझ्या मते त्यांच्या पुढच्या यशाचे मर्म इथे आहे. गेले ते मोजत बसण्याऐवजी उरले आहे त्यावर त्यांनी दुसरे पीक घेतले.

१९६८ साली तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत, ते टेबल टेनिस खेळले. १९७० साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या अपंगांच्या स्पर्धेत पोहण्यात सुवर्णपदक घेतले. आणि १९७२ साली पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाईल पोहण्याचे अंतर ३७.३३ सेकंदांत कापून त्यांनी सुवर्णपदक पटकावले. तो त्या गटातला जागतिक विक्रम होता, आणि भारताचे पॅरालिम्पिकमधले ते पहिले सुवर्ण.

याची किंमत लक्षात यावी म्हणून दोन आकडे देतो. पॅरालिम्पिकमध्ये भारताला दुसरे सुवर्ण मिळाले ते २००४ साली अथेन्सला, देवेंद्र झाझरियाच्या भाल्यामुळे. मध्ये ३२ वर्षे गेली. आणि ऑलिम्पिकमध्ये भारतीयाने वैयक्तिक सुवर्ण मिळवले ते २००८ साली, अभिनव बिंद्राने. त्याच्या ३६ वर्षे आधी आपल्या सांगली जिल्ह्यातला माणूस सुवर्णपदक घेऊन घरी आला होता.

आणि घरी येऊन काय झाले? पुण्याला टेल्कोत त्यांना नोकरी मिळाली, ही जमेची बाजू. परदेशी जायच्या खर्चाला हात दिला तो क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने. १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, पदकानंतर ४६ वर्षांनी. चित्रपट आला जून २०२४ मध्ये. आणि १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात त्यांना जीवनगौरवासाठीचा अर्जुन पुरस्कार देण्यात आला. तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी वर्षे पुरी केलेली होती.

एकाच दिवशी दोघे

आता गंमत बघा. त्याच समारंभात सांगली जिल्ह्यातल्याच आणखी एका खेळाडूला अर्जुन पुरस्कार मिळाला. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळकरी वयात सायकलवरून पडून डावा हात जायबंदी झालेला हा शेतकऱ्याचा पोरगा. ४ सप्टेंबर २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. आटपाडी हा जुन्या औंध संस्थानचाच महाल, तेव्हा तो आपलाच म्हणायचा.

सचिनला पदकापासून पुरस्कारापर्यंत साडेचार महिने लागले. पेटकरांना बावन्न वर्षे. जिल्हा एक, समारंभ एक, पुरस्काराचे नाव एक. मग एवढे अंतर कशामुळे?

पहिले कारण, १९७२ साली अपंगांच्या खेळाला सरकारदरबारी घरच नव्हते. अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा झाला १९९५ साली. पॅरालिम्पिकची देशपातळीवरची संघटनाही १९९० च्या दशकातली. ज्या पदकाची नोंद कुठल्या वहीत करायची तेच ठरलेले नाही, त्याला पुरस्कार कोण देणार? दुसरे कारण म्हणजे आपली नजर. अपंग माणसाने काही केले की आपण 'बिचारा' म्हणतो आणि पुढे जातो. विजेता म्हणायला आपली जीभ वळत नाही. तिसरे कारण म्हणजे बातमी. तेव्हा गावात पेपर दुसऱ्या दिवशी यायचा आणि त्यातही अशा खेळाला जागा नसायची.

यातली पहिली आणि तिसरी अडचण आज बरीच कमी झाली आहे. पॅरिसला भारताने २९ पदके घेतली, त्यांत ७ सुवर्ण. आणि ती देशाने मोबाईलवर पाहिली. दुसरी अडचण मात्र आपल्या गावात, आपल्या घरात आहे. ती कुठलाही कायदा काढणार नाही.

खाशाबांचीही तीच कथा

धडधाकट खेळाडूच्या वाट्याला तरी काय वेगळे आले? कऱ्हाड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कऱ्हाड ते गोळेश्वर दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, यात शंका नाही. पण १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो २००० सालचा, मरणोत्तर. गावात व्हायच्या कुस्ती संकुलासाठी २०१७ साली त्यांच्या कुटुंबाला पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले २०२४ साली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीत. तब्बल ७२ वर्षांनी!

स्वप्नीलचे उदाहरण नीट बघा. तो लहान वयात सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला, आणि पदकाच्या कितीतरी आधी, २०१५ साली, रेल्वेत नोकरीला लागला. म्हणजे त्याच्यावर पैसा आणि लक्ष लागले ते आधी. पदक आले नंतर. बैलगाड्यांची मिरवणूक चांगलीच, पण ती पीक काढल्यानंतरची. पेरणीच्या वेळी बियाणे कोणी दिले, हा खरा प्रश्न.

औंधकरांना हे नवे नाही. भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, ते कोणी पदक आणले म्हणून नव्हे. प्रत्येक पोराचे आणि पोरीचे अंग घडले पाहिजे म्हणून. त्या राजाकडून शिकायचे असेल तर ते हे आहे.

गोठ्यातली गोष्ट

आता माझी स्वतःची चूक सांगतो. माझ्या सजातल्या एका गावात एका पोराचा हात कडबाकुट्टी यंत्रात गेला. मनगटापासून तुटला. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक अवयव गेला तर एक लाख रुपये अनुदान मिळते, आणि शेतकरी कुटुंबातला दहा वर्षांवरचा सदस्यही त्यात बसतो. मी धावपळ करून कागद गोळा केले, प्रस्ताव पाठवला आणि आपले काम झाले असे समजलो.

दोन वर्षांनी त्याच गावात ठिबकची पाहणी करायला गेलो, तर ते पोरगे विहिरीत एका हाताने पोहत होते. काठावरची दोन हातांची पोरे त्याच्या मागे पडत होती. मी कौतुक केले आणि मोटारसायकलला किक मारली. तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्याला एक चिठ्ठी लिहावी, एवढेही सुचले नाही. यात्रेतल्या त्या पोराने पेटकरांचे नाव काढले तेव्हा मला विहीर आठवली आणि मान खाली गेली. आबा झोपलो होतो म्हणाले. मी तर जागा असून पुढे गेलो होतो.

कडबाकुट्टी, मळणीयंत्र, उसाचा चरक, ट्रॅक्टरचा पीटीओ. यांत हात-पाय गेलेली माणसे कुठल्याही तालुक्यात शोधावी लागत नाहीत. पॅरालिम्पिकमध्ये कोणता अवयव किती गेला त्याप्रमाणे गट असतात. सचिन ज्या एफ-४६ गटात खेळतो, तो हाताचे अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा मैदानी गट आहे. म्हणजे आपण ज्याला 'आता हा काय करणार' म्हणतो, त्याच्यासाठी जगाने स्वतंत्र रांग आखून ठेवली आहे. त्या रांगेत त्याला नेऊन उभे करायचे काम कोणाचे?

तर काय करायचे?

मोठ्या योजनेची वाट बघू नका. तीन गोष्टी गावपातळीवर होतात.

एक, ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. येत्या ग्रामसभेत उभे राहून विचारा, तो किती जमला आणि कशावर गेला? गावात अशी खेळणारी मुले किती आहेत, त्यांच्यासाठी यातून काय करता येईल, हा विषय अजेंड्यावर घ्यायला लावा.

दोन, कागद जपा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि नोकरीच्या वेळी त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. आपल्याकडे सातबारा पेटीत असतो आणि पोराचे प्रमाणपत्र माळ्यावर उंदरांना. एक प्लॅस्टिकची फाईल आणा. तिच्यात अपंगत्वाचा दाखलाही ठेवा.

तीन, यात्रा कमिट्यांना विनंती. मैदानात शेवटची कुस्ती हजारोंची लागते, त्याचा अभिमानच आहे. पण त्याच फडात गावच्या एखाद्या अपंग खेळाडूला बोलावून दहा मिनिटे द्या, आणि जमलेल्या वर्गणीतून त्याच्या प्रवासखर्चाची सोय करा. हार नको, एसटीचे भाडे द्या.

पेटकरांचा सन्मान झाला, आनंद आहे. ते हयात असताना झाला, हे तर खाशाबांच्याही वाट्याला आले नाही. पण शेतकरी बंधूंनो, आणेवारी लागल्यावर आलेल्या पावसाचे आपण काय करतो? तो विहिरीला लागतो, पिकाला नाही. या लेखासाठी कागद काढला तेव्हा आधी एक चिठ्ठी लिहिली, तालुक्याच्या क्रीडा अधिकाऱ्याला, त्या एका हाताने पोहणाऱ्या पोराबद्दल. दोन वर्षे उशीर झालाय. बावन्न होऊ द्यायची नाहीत. तुमच्या गावात असे कोण आहे, ते आज संध्याकाळी जरा आठवून बघा.