देशांतराची झोंप

पंचांगाशीं परिचय असणारांस 'देशांतर' हा शब्द नवा नाहीं. सूर्योदय सर्वत्र एकाच क्षणीं होत नसल्यामुळें रेखांशाच्या दर १५ अंशांस एक तास या मानानें गणितांत फेर करावा लागतो. लंकेंत उदय होतो तेव्हां सिद्धपुरीं अस्त व रोमकदेशीं मध्यरात्र असते, हें आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास सांगून ठेविलें. आम्हीं तें विद्यार्थ्यांस अनेक वर्षें शिकविलेंही. परंतु हा संस्कार देहासही करावा लागतो, हें कळावयास नातवाची मुंज यावी लागली.

मुंज न्यूजर्सीस, मे महिन्यांत होती. त्या दिवसांत तेथील घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागें असतें. आम्ही आदल्या सायंकाळीं पोंचलों. सकाळचें कार्य निर्विघ्न पार पडलें. बटूस पहिली सायंसंध्या आम्हीं सांगावयाची असें ठरलें होतें. दुपारीं तीन वाजतां क्षणभर पाठ टेंकली, आणि डोळे उघडले ते रात्रीं साडेनऊस! 'आजोबांना उठवूं नकोस' असें सूनबाईंनीं बजाविलें होतें. मूल पळी-पंचपात्र मांडून काळोख होईपर्यंत बसलें होतें. तें कांहीं बोललें नाहीं. हेंच अधिक लागलें.

आमच्या देहास त्या वेळीं मुंबईची रात्र चालली होती. मेंदूंत, डोळ्यांच्या मागील बाजूस, पेशींचा एक लहानसा पुंजका शरीराचें घड्याळ चालवितो, व त्यास किल्ली मिळते ती मुख्यतः प्रकाशाची. पेशींतील या घड्याळाची घडण उकलल्याबद्दल हॉल, रॉसबाश व यंग यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. बहुतेकांचें हें घड्याळ चोवीस तासांहून किंचित् लांब चालतें. म्हणून दिवस लांबविणारा पश्चिमेचा प्रवास सोसतो, पूर्वेचा जड जातो. सामान्यतः दर तासाच्या फरकास एक दिवस धरावा.

प्रकाश कोणत्या वेळीं घ्यावा, यांत मात्र मेख आहे. पहाटेच्या सुमारास शरीराची उष्णता सर्वांत कमी होते. त्यापूर्वींचा प्रकाश घड्याळ लांबवितो, नंतरचा अलीकडे आणतो. अमेरिकेस पोंचल्यावर हा क्षण तेथील सायंकाळीं येतो. म्हणून पहिले दिवस दुपारीं उजेडांत हिंडावें. परतल्यावर तो येथील दुपारीं एक-दीडच्या सुमारास पडतो. तेव्हां पहिले दोन दिवस सकाळचें ऊन टाळून दुपार कलल्यावर बाहेर पडावें. 'सकाळीं फिरा' हा सर्वतोमुखीं उपदेश येथें उलटाच लागतो.

दिवसां झोंप अनावर झाल्यास अर्धा तास, तीही गजर लावून. विमानांत येईल तितक्या वेळां चहा घेण्याचा आमचा प्रमाद कोणीं करूं नये. पाणी प्यावें, अधूनमधून उठून चालावें. इन्सुलिन घेणारांनीं वेळांचें कोष्टक डॉक्टरांकडून आधींच लिहवून घ्यावें. मेलाटोनिनच्या गोळ्या तिकडे दुकानांत सहज मिळतात, पण त्याही त्यांस विचारूनच.

धाकट्या नातवाची मुंज पुढील वर्षीं आहे. आम्हीं तिकिटें दहा दिवस आधींचीं काढविलीं आहेत.