जी आवृत्ती निघालीच नाही
मोटारीच्या स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे ‘ओबीडी’ सॉकेट असते. त्यात बसणारी, काही शे रुपयांची ब्लूटूथ डबी इंजिनाचे दोषसंकेत मोबाइलवर दाखवते. तिच्या पोटात गाडीच्या संगणकांचे बोलणे साध्या अक्षरांत उतरवणारी एक चिप असते. मूळ चिप ‘ईएलएम ३२७’, कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला नकलेविरुद्ध कुलूपच नव्हते. आतील प्रोग्रॅम उचलला गेला आणि बाजार नकलांनी भरला. गंमत अशी, की पुष्कळ डब्यांवर आवृत्ती ‘१.५’ असे लिहिलेले असते, आणि एल्मने ती आवृत्ती कधी काढलीच नाही!

तरीही संकेत वाचण्यापुरती डबी बहुधा चालते. धोका ती सॉकेटमध्येच विसरण्यात आहे. सोळाव्या पिनेला बहुतेक गाड्यांत बंद असतानाही बॅटरीची वीज मिळत राहते, आणि ब्लूटूथचा परवलीचा आकडा बहुधा १२३४! शेजारचा परका मोबाइलही मग तिला जोडता येतो, दोषसंकेत पुसता येतात.

जुनी गाडी विकणाराही ते पुसू शकतो. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वयंचाचण्या, म्हणजे ‘रेडिनेस’, ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि बरीच धाव झाल्यावरच पूर्ण होतात. सौद्यापूर्वी त्याच स्वस्त डबीतून तेवढे पाहून घ्यावे.