शनवारतेल्यांची साक्ष

लोककथा व लोकरूढि म्हणजे जमातीच्या रक्ताचा दाखला, असें मानणारा एक पंडितवर्ग आपल्याकडे आहे. रूढि निर्भेळ असेल तर जमात अस्सल. तींत शेजाऱ्याचें कांहीं आढळलें कीं लगेच ‘उसनी’ असा शिक्का! हें मत आम्हांस साफ नामंजूर आहे, आणि साक्षीस आम्ही रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांस बोलावितों.

हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं त्यांचा घाणा बंद, म्हणून गांवानें त्यांस ‘शनवारतेली’ म्हटलें. हिब्रू भाषा ते जवळजवळ विसरले होते. ‘शेमा’ ही प्रार्थना काय ती तोंडीं उरली होती. घरांत मराठी, आडनांवें पेणकर, रोहेकर, किहीमकर. मग त्यांचें यहुदीपण राखिलें कोणीं? पोथ्यांनीं नव्हे. तें राखिलें बंद घाण्यानें, सुंतेच्या विधीनें, आणि भिजविलेल्या पोह्यांत खोबरें व साखर घालून एलियाहू हन्नावीच्या नांवें केलेल्या मलिद्यानें. मलिदा हा शब्द दर्ग्यास जाणारांसही परका नाहीं, हें खरें. पण अलिबागेजवळ खंडाळें येथें खडकावर एलियाहूच्या रथाच्या खुणा आहेत, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांचा मलिदा उसना म्हणावा तरी कसा? पुढें १८८० च्या सुमारास हरिदासी कीर्तनाचा थाट घेऊन त्यांनीं जुन्या करारांतील कथांचीं आख्यानें रचिलीं, साकी-दिंडीसुद्धां!

या शिक्केबाजीचें फळ कडू असतें. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें १९६१-६२ च्या सुमारास धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या विवाहांस हरकत घेऊन पूर्वजांची चौकशी मांडिली. पिढ्यान् पिढ्या ज्यांनीं शनिवार पाळिला त्यांस वंशावळ मागण्यांत आली! ते रस्त्यावर उतरले, आणि १९६४ सालीं तेथील संसदेस त्यांच्या बाजूनें ठराव करावा लागला.

वाचकांनीं ‘हे परदेशांतील हट्टी लोक’ म्हणून हंसूं नये. नौगांवाजवळ जहाज फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, ही बेने इस्राएलांची कथा. समुद्रांतून किनाऱ्यास लागलेल्या चौदा प्रेतांस परशुरामानें उठविलें, ही चित्पावनांची. समुद्र तोच, आंकडाही तोच! कोणाची कोणीं घेतली हा वाद संशोधकांस लखलाभ असो. आम्हांस नवल वाटतें तें याचें, कीं यांतील एक कथा कुलाचा अभिमान म्हणून सांगितली जाते व दुसरी केवळ गंमत म्हणून. आमच्याच सुशिक्षित घरांतून मलिद्याच्या छायाचित्राचें कौतुक होतें, ‘पाहा, महाराष्ट्र किती सहिष्णु!’ असे उद्गारही निघतात, आणि जिन्यांत भेटलेल्या त्याच समाजांतील गृहस्थांस पहिला प्रश्न होतो तो ‘आपण मूळचे कुठले?’ हाच. (‘पेणचे’ हें उत्तर कोणासच पुरेसें वाटत नाहीं.)

इस्राएलांत गेल्यावर याच लोकांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक काढिलें. त्याचे वाचक मूळचे कुठले, हें पंडितांनीं आम्हांस एकदां सांगावें.