विंदालूंतील ‘आलू’

आमच्या शाकाहारी वाचकांनीं शीर्षक पाहून पान उलटूं नये. आज आम्हांस पदार्थ वाढावयाचा नसून त्याचें नांव तेवढें सोलून पाहावयाचें आहे.

‘विंदालू’ म्हणजे बटाट्याचें कांहीं कालवण असावें, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. विलायतेंतील कित्येक उपाहारगृहांत तर त्यांत बटाटे खरोखरच घालतात! वस्तुतः पोर्तुगीज भाषेंतील ‘व्हिन्या द’आल्योश’ या शब्दांचा हा अपभ्रंश. पहिला भाग द्राक्षमद्याचा, दुसरा लसणीचा. लांबच्या प्रवासांत मांस टिकावें म्हणून दर्यावर्दी लोक तें मद्यांत किंवा शिरक्यांत लसूण घालून मुरवीत. आंबटपणामुळें तें लवकर नासत नसे. आपण कैरी मिठांत मुरवितों, त्याच जातीची ही युक्ति. कोंकणकिनाऱ्यावर द्राक्षमद्याची जागा ताडामाडाच्या शिरक्यानें घेतली आणि मिरचीही (तीही पोर्तुगीजांनींच आणलेली) त्यांत पडली.

वसई १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं ती सोडविली. किल्ल्यावरचें निशाण उतरलें, चुलीवरचा शब्द मात्र राहिला. वसई-साष्टीकडील ईस्ट इंडियन घरांत त्याचें ‘इंदियाल’ असें रूप आजही ऐकूं येतें, आणि तें ऐकून बटाट्याची आठवण कोणासही होत नाहीं.

‘आल्यो’ म्हणजे लसूण, हा लॅटिन ‘आलियुम्’चा वंशज. खरी गंमत पुढेंच आहे. मुरवून वा खारवून टिकविलेल्या मांसाच्या पदार्थांस ग्रीक लोक ‘अल्लांतिका’ म्हणतात. त्याचें मूळ ‘अल्लास्’, म्हणजे आंतड्यांत ठासून भरलेलें मांस. इ. स. पू. ४२४ मध्यें रंगभूमीवर आलेल्या अरिस्टोफेनीसच्या ‘हिप्पेइस्’ नाटकांतील प्रमुख पात्र हाच माल विकणारें आहे. हा ‘अल्लास्’ इटलींतील लसणीच्याच एका जुन्या शब्दावरून आला, असें कित्येक व्युत्पत्तिकारांचें मत आहे. तें खरें धरल्यास विंदालूंतला ‘आलू’ व हें ग्रीक नांव एकाच गड्ड्याच्या दोन पाकळ्या ठरतात.

परक्या शब्दांचा विटाळ मानणारे भाषाशुद्धीचे अभिमानी यावर नाक मुरडतील. पण ‘बटाटा’ हा शब्दही आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला; मूळचा तो कॅरिबियन बेटांतला. एकादशीच्या फराळांत तो आपणांस निःशंक चालतो. उलट ‘लसूण’ ही थेट संस्कृत ‘लशुना’ची लेक, आणि कांदेनवमी उलटली कीं चार महिने तिलाच माजघरांत मज्जाव!