हिरव्या भिंतीचा प्रश्न
(द्वितीय वर्ष, कला)

माझे वडील रंगारी आहेत. हे वाक्य लिहायला मला कॉलेजचे पहिले वर्ष पुरे घालवावे लागले. कुणी विचारले तर "काँट्रॅक्ट घेतात" असे मी मोघम सांगत असे. पण आजचा विषयच रंगाचा आहे, तेव्हा सांगून टाकलेले बरे.

सध्या घरातल्या भिंतीला गडद हिरवा, म्हणजे बॉटल ग्रीन, लावण्याची टूम निघाली आहे. गेल्या दिवाळीत एका मैत्रिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये मी तो पाहिला आणि पाहतच राहिले. घरी येऊन हट्ट धरला, आपल्यालाही हाच रंग हवा. आमची खोली दहा बाय बारा, वर पत्रा, खिडकी एकच. बाबा हसून म्हणाले, "अगं, हा रंग उजेड खातो. त्यांच्याकडे त्याला खायला घालायला आहे."

मला राग आला. परवडत नाही म्हणून सबब सांगतात, असे वाटले. पण त्यांचे म्हणणे शब्दशः खरे निघाले. स्वच्छ पांढरी भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडातला शेकडा ८० च्या आसपास उजेड परत देते. गडद हिरवी भिंत १० सुद्धा जेमतेम. मोठ्या खिडक्यांच्या घरात ती सावली सुखाची वाटते. आमच्याकडे भर दुपारी दिवा लावावा लागला असता, आणि माझा अभ्यास त्याच खोलीत!

म्हणून हा रंग आपल्यासारख्यांचा नव्हेच, असे मात्र मी मानत नाही. चुन्याच्या भिंतीवर तो जमत नसे, कारण चुना मुळात पांढरा; त्यात रंग कितीही कालवला तरी फिका पिस्ताच मिळायचा. शिवाय प्रशियन निळ्यात पिवळा मिसळून केलेला हिरवा चुन्याच्या दाहक क्षारात टिकत नाही. ऑईलपेंटने ती अडचण दूर केली. मग शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांच्या भिंती कितीतरी ठिकाणी कमरेपर्यंत गडद आणि वर पांढऱ्या झाल्या. डोक्याच्या तेलाचे, हातांचे डाग दिसू नयेत, ओल्या फडक्याने पुसता यावेत, एवढी साधी सोय. त्याला आपण 'सरकारी रंग' म्हणून नाक मुरडतो आणि तोच फ्लॅटमध्ये गेला की अभिरुची म्हणतो. लावणारा हात बहुधा एकच असतो.

या रंगाचा पूर्वेतिहासही फारसा निर्मळ नाही. स्वीडनच्या शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली तांबे आणि सोमल यांपासून एक झळझळीत हिरवा तयार केला. पुढच्या शतकात युरोपात भिंतीला चिकटवायच्या कागदांत तो व त्याच्यासारखे रंग वापरले गेले आणि घरातली माणसे आजारी पडली. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत असावे, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी कितीतरी वर्षे बाबा तोंडाला नुसता रुमाल बांधून जुने रंग कोरडेच घासत होते. त्या धुळीत काय होते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. आता मी त्यांना भिंत आधी ओली करायला लावते.

असो. शेवटी तडजोड झाली: कमरेपर्यंत हिरवा, वर पांढरा. तेवढ्यात शेजारचे काका डोकावले. "हिरवा कशाला? तो त्यांचा रंग!" आईने काही न बोलता हातातल्या हिरव्या बांगड्या पुढे केल्या. काका म्हणाले, "बांगड्यांची गोष्ट वेगळी." ती कशी वेगळी, हे मला अजून कळलेले नाही. नवरीला हिरवा चुडा चालतो, ओटीत हिरवा खण चालतो. मग भिंतीवरच तो परका कसा होतो? उजेड कमी पडतो म्हणून रंग नाकारावा, ओल आहे म्हणून नाकारावा, खर्चासाठी नाकारावा. अमक्या माणसांचा म्हणून नाकारणे मला पटत नाही. बाबांना लांबी भरायला शिकवली ती एका मुसलमान उस्तादांनी. त्यांच्या घरच्या भिंती मात्र पांढऱ्या आहेत.

एका रविवारी जुना चुना खरवडून आम्ही कामाला लागलो. मागच्या भिंतीला ओल येते. तिथे ऑईलपेंट फुगे धरतो, म्हणून बाबांनी ती सोडली. उरलेल्या तीन भिंतींना दोन हात दिले. वरची रेघ सूत धरून मी ओढली. दाराजवळ ती बोटभर वर चढली आहे. दुसऱ्याच्या घरी असती तर बाबांनी ती लगेच पुसायला लावली असती.